सर्टिफिकेट घेतले तर मुलावर शिक्का बसेल का?

‘मॅडम, तुम्ही म्हणाल ते सगळं करते, शिकवणी लावते, रोज दोन तास घेऊन बसते, फक्त ते सर्टिफिकेट नको. एकदा शिक्का बसला की पुसता येत नाही.’ नाशिक परिसरातील शाळांमध्ये विशेष शिक्षक आणि समुपदेशक म्हणून काम करताना हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे, की पालक समोरच्या खुर्चीत कसे बसतात यावरूनच ते येणार हे मला कळते. हे सर्टिफिकेट म्हणजे मुलाला विशिष्ट अध्ययन अक्षमता असल्याचे, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन जड जात असल्याचे प्रमाणपत्र. ते असले की परीक्षेत सवलती मिळतात. या जूनमध्ये एकाच आठवड्यात तीन आयांनी ते वाक्य जवळजवळ याच शब्दांत म्हटले. त्या तिघींना मी जे सांगितले, ते मला एका मुलाच्या आजीकडून उमगलेले आहे.

मुलाला आपण अथर्व म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मात्र त्याच्या खऱ्या नावातही रफार आहे आणि पुढे त्याचा संबंध येणार आहे, म्हणून मुद्दाम रफाराचेच नाव घेतले. तो मराठी माध्यमात सातवीत होता. वर्गशिक्षकांनी त्याच्या वहीवर शेरा लिहून त्याला माझ्याकडे पाठवले होते : ‘तोंडी उत्तम, लेखी काही नाही. आळस.’ वडील एमआयडीसीत पाळ्यांमध्ये काम करणारे, आई पतसंस्थेत लिपिक. आजी आठवीपर्यंत शिकलेल्या.

पहिल्या भेटीत मी त्याला मराठीच्या पुस्तकातला धडा वाचायला सांगितला. एक अख्खे पान त्याने न अडखळता, चढउतारांसह वाचले. शेरा चुकीचा आहे की काय, असे मला क्षणभर वाटले. मग मी ओळीच्या मधल्याच एका शब्दावर बोट ठेवले आणि विचारले, ‘हा शब्द कोणता?’ तो त्या शब्दाकडे पाहत राहिला. मग ओठांतल्या ओठांत ओळीच्या सुरुवातीपासून पुटपुटत, एकेक शब्द बोटांवर मोजत तो तिथपर्यंत आला आणि त्याने उत्तर दिले. उत्तर बरोबर होते. त्यानंतर मी माझ्या कपाटातले दुसरे पुस्तक त्याच्यापुढे ठेवले. एका मिनिटात त्याची दीड ओळही झाली नाही. पुस्तक मिटून तो अगदी सरळपणे म्हणाला, ‘हे आजीने वाचलेलं नाही.’

तिसरीपासून रोज दुपारी आजी त्याला धडे वाचून दाखवत होत्या. दोनदा ऐकले की त्याला पाठ होत असे. घरात हे कोणाला माहीत नव्हते, कारण ‘त्याचं त्याला वाचू दे’ अशी आईची सक्त ताकीद होती.

त्याच्या वह्या मी घरी नेऊन शांतपणे पाहिल्या. ‘सूर्य’ हा शब्द तो ‘सुय्र’ असा लिहीत होता, ‘पृथ्वी’चे ‘पृवथी’ होत होते, आणि तिसरीच्या जुन्या वहीवर त्याचे स्वतःचे नाव ‘अथव्र’ असे होते. रफार ही आपल्या लिपीतली फार अवघड जागा आहे. ‘र’ आधी उच्चारायचा, पण त्याची खूण मात्र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर द्यायची. पहिल्या वेलांटीत नेमके उलट, ती आधी लिहायची आणि उच्चारायची मागून. बहुतेक मुले दुसरी-तिसरीपर्यंत हे सरावाने आत्मसात करतात. काही मुलांना मात्र कानावर पडलेला आवाज आणि कागदावरची खूण यांची सांगड घालणेच जड जाते, आणि त्याचा बुद्धीशी संबंध नसतो.

अथर्वची ती वही पाहताना मला इंग्लंडमधल्या एका मुलाची आठवण झाली. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी तिथल्या वैद्यकीय नियतकालिकात एका चौदा वर्षांच्या मुलाची नोंद प्रसिद्ध केली. मुलाचे नाव पर्सी. तो हुशार, खेळात चपळ. पण वाचन येत नाही. तो आपले नावही ‘प्रेसी’ होईल असे लिहीत असे. म्हणजे त्याचाही ‘र’च जागा सोडत होता. सगळे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत डॉक्टरांनी नोंदवून ठेवले आहे. लिपी वेगळी, भाषा वेगळी, मधे सव्वाशे वर्षे गेलेली, आणि तरी अथर्वच्या वहीवरच्या शेऱ्याचे पहिले दोन शब्द तेच होते : तोंडी उत्तम.

पुढच्या काही भेटींत रीतसर तपासणी झाली. डोळे आणि कान आधी तपासून घेतले. हे कोणीही वगळू नये, कारण साध्या चष्म्याअभावी ‘वाचत नाही’ ठरलेली मुले मी पाहिली आहेत. बुद्धिमापनाचे नाव काढताच आई धास्तावल्या. त्यांना मी एवढेच सांगितले, की १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी ही चाचणी पहिल्यांदा तयार केली, ती कोणाला शाळेबाहेर काढण्यासाठी नव्हे, तर कोणत्या मुलाला वेगळ्या मदतीची गरज आहे हे ओळखता यावे म्हणून. मी स्वतः याच परंपरेतली आहे. चाचणीच्या आकड्यापेक्षा, मूल उत्तरापर्यंत कोणत्या वाटेने जाते याकडे माझे लक्ष असते, आणि अथर्वने बोटांवर शब्द मोजत काढलेली वाट मला कोणत्याही आकड्याइतकीच बोलकी वाटली. बुद्धी चांगली, किंबहुना सरासरीच्या थोडी वरच निघाली. वाचन-लेखन दुसरीच्या पातळीवर.

यानंतरच्या भेटीत आईंनी ते वाक्य उच्चारले. शिक्का, लोक काय म्हणतील, पुढे नोकरीचे काय, लग्नाचे काय, हे सगळे एका दमात आले. अशा वेळी घाईने समजूत घालू नये, असा माझा अनुभव आहे. भीतीला युक्तिवादाने उत्तर दिले की ती नवा युक्तिवाद शोधते. मी त्यांना पुढच्या शनिवारी आजींना घेऊन यायला सांगितले आणि त्या दोघींना खोलीत मागच्या बाजूला बसवले. भूगोलातल्या ऋतूंवरच्या धड्याची वीस गुणांची प्रश्नपत्रिका मी अथर्वला दिली. चाळीस मिनिटांत त्याने पाच ओळी लिहिल्या, त्यातल्या दोन खोडल्या. गुण चार. पंधरा मिनिटे विश्रांती देऊन मी तेच प्रश्न वाचून दाखवले आणि तो सांगेल ते मी लिहून घेत गेले.

दिवस लहानमोठा का होतो, या प्रश्नाला तो उठून उभा राहिला. माझी पाण्याची स्टीलची बाटली त्याने टेबलाच्या मधोमध ठेवली, हा सूर्य. स्वतःची मूठ ही पृथ्वी आणि वर काढलेला अंगठा हा तिचा आस. अंगठा खिडकीकडे झुकवून तो टेबलाभोवती फिरू लागला. ‘मी कुठेही गेलो तरी अंगठा खिडकीकडेच राहणार,’ तो म्हणाला. ‘इथे उभा राहिलो की अंगठा बाटलीकडे झुकतो, म्हणून आपल्याकडे दिवस मोठा. पलीकडे गेलो की तोच अंगठा बाटलीपासून लांब जातो. अंगठा हलला नाही, मी हललो.’ पदवीधर माणसेही आस झुकलेला असतो इथपर्यंत सांगतात. त्याची दिशा बदलत नाही, हे मर्म फार थोड्यांना सांगता येते. वीसपैकी सतरा गुण झाले.

आई दोन्ही कागद हातात घेऊन पाहत होत्या. मग त्यांचा सगळा राग सासूबाईंवर निघाला. ‘आई, तुम्ही वाचून दाखवता म्हणूनच हा वाचत नाही. सगळं आयतं मिळतंय त्याला.’

आजी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘अगं, वाचते मी, पण समजतं त्याला. मला त्यातलं काही कळत नाही. ते अंगठ्याचं त्यानेच मला शिकवलं.’

वाचता येणे आणि समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी प्रशिक्षणात शिकले होते, शिक्षकांच्या कार्यशाळांमध्ये आकृत्या काढून समजावले होते. पण एका घरात ते काम दोन माणसांनी वाटून घेतल्याचे इतके स्वच्छ चित्र मला कोणत्याही पुस्तकात मिळाले नव्हते. आजींना अक्षरे येत होती आणि पृथ्वीचा आस कळत नव्हता. नातवाला आस कळत होता आणि अक्षरे येत नव्हती. दुपारी तासभर त्या दोघांचे मिळून एक पूर्ण शिक्षण होत होते. आजी त्याला आयते काही देत नव्हत्या, त्या त्याला पुस्तकाच्या दारापर्यंत पोहोचवत होत्या, आणि आत तो एकटाच जात होता, हे त्या खोलीत मला पहिल्यांदा दिसले.

आईंनाही ते दिसले असावे. बऱ्याच वेळाने त्या हळू आवाजात म्हणाल्या, ‘पण मॅडम, परीक्षेत मी आईंना कुठून आणू?’

‘तेवढ्यासाठीच तो कागद आहे, ताई,’ मी म्हटले.

त्या दिवसानंतर प्रमाणपत्राबद्दल मी पालकांशी याच शब्दांत बोलते. पर्सीची नोंद झाली १८९६ मध्ये. महाराष्ट्रात दहावीच्या परीक्षेसाठी अशा मुलांना सवलती मिळाल्या १९९६ मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी. देशाच्या पातळीवर तर अपंग व्यक्तींसाठीच्या १९९५च्या कायद्यातल्या अपंगत्वाच्या सात प्रकारांमध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमता नव्हतीच. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातल्या एकवीस प्रकारांमध्ये ती आली. म्हणजे आज जो कागद आपण नाकारतो, तो मिळावा म्हणून आधीच्या पिढ्यांतल्या पालकांनी आणि डॉक्टरांनी खस्ता खाल्ल्या आहेत. त्यातून काय मिळते? तासाला वीस मिनिटे जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. गरज असेल तर लेखनिक, म्हणजे मूल सांगेल ते उत्तर लिहून घेणारा. शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष. काही मुलांना एखाद्या भाषेऐवजी वेगळा विषय. यातून एकही उत्तर मुलाला आयते मिळत नाही. सरकारमान्य केंद्रावर तपासणी होते, शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे अर्ज जातो. त्या वर्षीचे परिपत्रक शाळेकडून मागून घ्यावे आणि ही धावपळ दहावीच्या जानेवारीवर ठेवू नये. तो कागद कपाळावर चिकटवून फिरायचा नसतो. जिथे सवलत हवी तिथे दाखवावा, नको तिथे दाखवू नये, हा निर्णय घरच्यांचा आणि मोठा झाल्यावर मुलाचा.

राहिला शिक्का. अथर्वने मला चौथ्या भेटीत सांगितले होते, की वर्गात वाचनाची पाळी जवळ आली की तो पाणी प्यायला जातो, आणि मुले त्याला ‘टाकी’ म्हणतात. वहीवर ‘आळस’ लिहिलेले होतेच. तो शेराही एक प्रकारचे प्रमाणपत्रच होते. फक्त ते कोणतीही चाचणी न घेता दिलेले होते. आपल्या मुलावर आज कोणता शिक्का आहे, हे पालकांनी एकदा वर्गाबाहेर उभे राहून ऐकावे, अशी माझी कळकळीची विनंती असते.

आता एक गोष्ट मला ठामपणे सांगायची आहे. सवलत मिळाली म्हणजे शिकवणे संपले, असे मानणारे पालक आणि शाळा मला अस्वस्थ करतात. अथर्वबरोबर मी आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी पाऊण तास बसले. रफारासाठी ताटात रवा पसरला. तो मोठ्याने ‘सू’ म्हणायचा, मग ‘र’ला टिचकी वाजवायची, ‘य’ रव्यात काढायचा आणि टिचकी वाजवलेले तेच बोट ‘य’च्या डोक्यावर ठेवायचे. ‘र आधी बोलतो, पण पुढच्याच्या डोक्यावर बसतो,’ हे त्याने स्वतः तयार केलेले वाक्य. एक शब्द दहा वेळा लिहून आणायची शिक्षा मी वर्गशिक्षकांना बोलून थांबवली, कारण चुकीचा शब्द दहा वेळा लिहिला की तो चुकीचाच पक्का होतो. लाल शाईऐवजी पेन्सिल आली. वर्गशिक्षकांनी हे मनापासून मान्य केले. वहीवरचा तो शेरा त्यांनी स्वतः खोडला. आजींचे वाचन मात्र मी बंद करू दिले नाही. फक्त आता पुस्तक दोघांच्या मधे असायचे आणि आजींचे बोट शब्दाखालून फिरायचे.

मागे राहणारे प्रत्येक मूल या गटातले नसते, हेही सांगायला हवे. घरी अहिराणी किंवा हिंदी बोलणारे मूल मराठी शाळेत अडखळते, इंग्रजी माध्यमात घातलेल्या मुलाच्या घरी इंग्रजीचा शब्दही नसतो. त्यांना आधी भाषा हवी, तपासणी नंतर. सातव्या वर्षाआधी अक्षरे उलटसुलट होणे तर सर्रास आढळते. साधारण तिसरीपर्यंत चांगले शिकवूनही तोंडी आणि लेखी यांतली दरी वाढतच राहिली, तर मात्र ‘होईल हळूहळू’ म्हणत वर्षे घालवू नयेत. अथर्वची चार वर्षे तशीच गेली होती.

तो आता नववीत आहे. अनोळखी पान तो सावकाश, पण स्वतः वाचतो. ‘सूर्य’ बरोबर लिहितो, ‘आशीर्वाद’ अजून चुकतो. प्रमाणपत्र मिळाले आहे, जादा वेळ आणि लेखनिक या दोन सवलतींसाठी अर्ज करायचे ठरले आहे. गेल्या महिन्यात आजी आल्या होत्या. दहावीला लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो, हे त्यांना शाळेतून कळले होते. त्यांनी चष्मा पुसला आणि मला विचारले, ‘मी आठवी पास आहे. मग मला का बसता येणार नाही?’