नाणी एकत्र करण्याआधी

प्रश्न : कामाचे पैसे मी बिटकॉइनमध्ये घेतो. दर वेळी ग्राहकाला नवा पत्ता देतो. तरीही एका ग्राहकाने मला दुसऱ्याकडून मिळालेल्या रकमेचा जवळपास अचूक आकडा सांगितला. चूक कुठे झाली?

उत्तर : नवा पत्ता दिलात ते योग्यच. चूक बहुधा पैसे घेताना नव्हे, खर्च करताना झाली आहे.

वॉलेट शिल्लक म्हणून एकच आकडा दाखवतं. आत मात्र वेगवेगळी नाणी असतात, ज्या रकमेची आली त्याच रकमेची. समजा, तुमच्याकडे ०.०२, ०.०३ आणि ०.०५ बिटकॉइनची तीन नाणी आहेत आणि कुणाला ०.०४ द्यायचे आहेत. वॉलेटने पहिली दोन उचलली, ०.०४ पुढे दिले आणि शुल्क जाऊन उरलेले सुटे तुमच्याच नव्या पत्त्यावर परत आले. ०.०२ देणारा ग्राहक ब्लॉकचेन या सगळ्यांना दिसणाऱ्या नोंदवहीत आपल्या नाण्याचा माग काढत या व्यवहारापर्यंत येतो, तेव्हा त्याला शेजारचं ०.०३ दिसतं. दोन्ही नाणी एकाच व्यवहारात खर्च झाली, म्हणजे मालक एकच, हा तर्क बहुतेक वेळा खरा ठरतो. बिटकॉइनच्या २००८च्या मूळ निबंधातही ही उणीव कबूल केलेली आहे.

सुटे कुठे गेले हेही ओळखता येतं. ०.०४ हा गोल आकडा, दुसरा ०.००९९७ असा तुटक. तुटक तो सुट्यांचा. शिवाय तुमचे पत्ते ‘बीसी१क्यू’ने सुरू होत असतील आणि घेणाऱ्याचा ‘३’ने, तर अंदाज बांधायलाही नको.

तेच पैसे एकट्या ०.०५च्या नाण्यातून दिले असते, तर बाकीची दोन कुणाशीच जोडली गेली नसती. यासाठी स्पॅरो या वॉलेटमध्ये यूटीएक्सओच्या, म्हणजे खर्च न झालेल्या नाण्यांच्या, टॅबवर जाऊन हवं ते नाणं निवडा आणि फक्त तेवढंच पाठवा. इलेक्ट्रम या दुसऱ्या वॉलेटमध्ये नाण्यांचा टॅब आधी व्ह्यू मेनूतून चालू करावा लागतो. नाणं आलं की लगेच त्याला लेबल लावा. लेबलमध्ये ‘कशाचे पैसे’ याहून ‘हे नाणं माझं आहे हे कुणाला ठाऊक आहे’ हे लिहिणं जास्त उपयोगाचं. परत आलेल्या सुट्यांच्या लेबलात दोन नावं हवीत : मूळ देणाऱ्याचं आणि नव्या घेणाऱ्याचं. सुट्यांच्या बाबतीत लोक नेमकं हेच विसरतात.

दोन प्रसंगी विशेष सांभाळा. एक, ‘मॅक्स’ बटण, कारण ते सगळी नाणी एकाच व्यवहारात ओढतं. दुसरा, नवं हार्डवेअर वॉलेट घेऊन जुन्यातलं सगळं एका फटक्यात हलवणं. वर्षानुवर्षं वेगळं ठेवलेलं दहा मिनिटांत एकत्र होतं आणि साखळीवर, म्हणजे ब्लॉकचेनवर, लिहिलेलं पुसता येत नाही. बारीक नाणी जोडायचीच असतील, तर एकाच ग्राहकाकडून आलेली आपसांत जोडा, तीही शुल्क कमी असताना. ‘बीसी१क्यू’ पत्त्यावरचं प्रत्येक नाणं व्यवहारात सुमारे ६८ व्हीबाइट (शुल्क ज्यावर ठरतं ते आकाराचं माप) वाढवतं. शुल्काचा दर व्हीबाइटमागे ५० सॅट (सॅट म्हणजे बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग) असेल, तर एका नाण्यामागे ३,४०० सॅट जातात.

प्रश्न : अनोळखी ठिकाणाहून ५४६ सॅट आले. परत पाठवू का?

उत्तर : मुळीच नको. ते नाणं गोठवून ठेवा. स्पॅरो आणि इलेक्ट्रम दोन्हींत ती सोय आहे. जुन्या प्रकारच्या पत्त्यावर यापेक्षा लहान रक्कम नोड, म्हणजे व्यवहार तपासून पुढे पाठवणारे संगणक, सहसा पुढे सरकवत नाहीत, म्हणून हा आकडा. वॉलेट कधीतरी हे तुमच्या मोठ्या नाण्यांसोबत खर्च करील आणि पत्ते जोडले जातील, या आशेवर ते पाठवलेलं असू शकतं. हात लावला नाही, तर पाठवणाऱ्याला काहीच मिळत नाही.

प्रश्न : मी व्हीपीएन वापरतो. तेवढं पुरेसं आहे ना?

उत्तर : नाही. व्हीपीएन आयपी झाकतो, प्रश्न झाकत नाही. वॉलेट उघडलं की ते एखाद्या सर्व्हरला ‘या पत्त्यांवर किती आहे?’ असं विचारतं. काही वॉलेट तर एक्सपब, म्हणजे सगळे पत्ते ज्यातून निघतात ती सार्वजनिक किल्लीच, सर्व्हरकडे देतात. मग त्या खात्याचे मागचे-पुढचे सगळे पत्ते त्याला कळले. आपला पत्ता एक्सप्लोररच्या, म्हणजे व्यवहार शोधून दाखवणाऱ्या, संकेतस्थळावर शोधणं हीही तशीच गळती.

उपाय म्हणजे बिटकॉइन कोअर या सॉफ्टवेअरवर चालणारा स्वतःचा नोड, आणि स्पॅरो त्यालाच जोडलेला. डिस्क लहान असेल, तर प्रूनिंग, म्हणजे जुने ब्लॉक (व्यवहारांचे गठ्ठे) टाकून देण्याची सोय, चालू करा. जुन्या ब्लॉकसाठी किमान ५५० एमबीची मर्यादा चालते, शिवाय खर्च न झालेल्या नाण्यांच्या यादीसाठी काही जीबी लागतात. सुरुवातीला मात्र पूर्ण साखळी, म्हणजे ६०० जीबीहून अधिक, एकदा उतरवावीच लागते. इथे एक खोच आहे : प्रून केलेल्या नोडला जुनं वॉलेट नंतर जोडलं, तर मागचे व्यवहार सापडत नाहीत, कारण ते ब्लॉक टाकून दिलेले असतात. वॉलेट आधी जोडा, मग साखळी उतरवा. नोडची वाहतूक टॉर या आयपी झाकणाऱ्या जाळ्यातून न्यायची तर प्रॉक्सी म्हणून १२७.०.०.१ आणि पोर्ट ९०५० द्या.

प्रश्न : मग सरळ मोनेरोच वापरावं का?

उत्तर : मोनेरो हे वेगळं चलन. तिथे रक्कम झाकलेली असते आणि प्रत्येक खर्चात खरं नाणं एकूण १६ नाण्यांत लपतं. पण एका एक्स्चेंजमधून, म्हणजे चलनं विकत घेण्या-विकण्याच्या ठिकाणाहून, एखादी तुटक रक्कम काढून पंधरा मिनिटांत जवळपास तेवढीच दुसरीकडे भरली, तर ती जोडी रक्कम आणि वेळ यांवरूनच जुळते. मध्ये दिवस जाऊ द्या, रक्कम बदला, प्रत्येक देणाऱ्याला ‘८’ने सुरू होणारा वेगळा उपपत्ता द्या आणि परक्या नोडऐवजी स्वतःचा वापरा. कराच्या हिशेबाची नोंद मात्र स्वतःजवळ, एन्क्रिप्ट करून, पूर्ण ठेवा. एक्स्चेंजने पैशाचा स्रोत विचारला, तर दाखवायला तीच हाताशी असते.