ग्राफीनचा वायुसंवेदक गोव्याच्या पावसाळ्यात चुकीचे आकडे का दाखवतो?
पणजीच्या रस्त्यावर नायट्रोजन डायऑक्साइड मोजणाऱ्या आपल्या संवेदकात संवेदनशीलतेची उणीव नसावी; 2007 मध्ये मँचेस्टरच्या संशोधकांनी ग्राफीनवर, म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या जाडीच्या थरावर, या वायूचा एकेक रेणू टिपून दाखवला होता. हवेतील ग्राफीनला चिकटलेला हा रेणू इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि संवेदकातील ग्राफीनच्या पट्टीचा विद्युत रोध घटतो, परंतु पाण्याची वाफही तोच रोध बदलते, आणि जुलैच्या दमट हवेत खरी अडचण तिथेच आहे. म्हणून शेजारी आर्द्रतामापक बसवून प्रत्येक नोंद त्यानुसार दुरुस्त करावी. शिवाय चिकटलेले रेणू आपणहून लवकर सुटत नाहीत, त्यामुळे दोन मोजण्यांच्या मधे पट्टी तापवणे किंवा तिच्यावर अतिनील प्रकाश टाकणे मला अत्यावश्यक वाटते. वास्कोतील कोळशाची धूळ मात्र कणरूप असल्याने तिच्यासाठी वेगळे, कणांमुळे प्रकाश विखुरण्यावर चालणारे उपकरणच घ्यावे लागेल.