शॅमेलिऑनचा आहार, कॅल्शियम आणि पिंजरा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : टेकडीवर फिरायला गेलेल्या मुलाने एक शॅमेलिऑन घरी आणला आहे. त्याला काय खायला घालावे? (बावधन)

काहीही घालू नये. पुण्याच्या टेकड्यांवर आणि माळरानांवर आढळणारा हा भारतीय शॅमेलिऑन, म्हणजेच सरडगुहिरा, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित असून तो घरी ठेवणे गुन्हा आहे. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर आजच कळवावे. पाळीव म्हणून ठेवले जाणारे शॅमेलिऑन मुख्यतः दोन जातींचे असतात : येमेन व सौदी अरेबियाच्या नैऋत्य भागातील व्हेल्ड आणि मादागास्करचा पँथर. या दोन्ही जाती ‘साइटिस’ या वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येत असल्याने २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर त्यांची नोंदणी करावी लागते. पुढची उत्तरे या दोन जातींपुरतीच आहेत.

प्रश्न : आमच्या आठ महिन्यांच्या व्हेल्ड नराचे पुढचे पाय वाकू लागले आहेत. रोज डी-३ मिसळलेली कॅल्शियमची भुकटी देतो. तिचे प्रमाण वाढवावे का? पिंजरा खिडकीशी असून वर साधा पिवळा बल्ब आहे. (कोथरूड)

प्रमाण वाढवू नका. दोष दिव्यात आहे. अन्नातले कॅल्शियम आतड्यातून शोषले जाण्यासाठी डी-३ जीवनसत्त्व लागते आणि शॅमेलिऑन ते प्रामुख्याने आपल्या त्वचेत, सूर्यप्रकाशातील यूव्हीबी (अतिनील-बी) किरणांच्या साहाय्याने तयार करतो. साध्या बल्बमधून उष्णता मिळते, यूव्हीबी मिळत नाही, आणि खिडकीची काच उन्हातील यूव्हीबी जवळजवळ पूर्णपणे अडवते. त्यामुळे खिडकीशी कितीही ऊन येत असले तरी त्याचा या कामी उपयोग नाही. रक्तातील कॅल्शियम कमी पडले की शरीर ते हाडांतून काढून घेते, हाडे मऊ होतात आणि पाय वाकतात. ही तूट डी-३ च्या भुकटीने भरून काढण्याचा प्रयत्न बेभरवशाचा तर असतोच, शिवाय धोक्याचाही असतो, कारण हे जीवनसत्त्व मेदात साठते आणि त्याचा अतिरेक झाल्यास मूत्रपिंडासारख्या मऊ अवयवांत कॅल्शियमचे थर बसतात.

पाच किंवा सहा टक्के यूव्हीबीची, टी-५ प्रकारची (बारीक व्यासाची) लांब ट्यूबलाइटसारखी नळी पिंजऱ्यावर बसवावी. बसायची फांदी तिच्यापासून साधारण वीस ते पंचवीस सेंटिमीटर खाली असावी आणि नळी रोज बारा तास चालू ठेवावी. नळीचा उजेड दिसत राहिला तरी यूव्हीबी घटत जाते, म्हणून वर्षभराने ती बदलावी. हे झाल्यावर भुकटीचे वेळापत्रक सोपे आहे : डी-३ नसलेले साधे कॅल्शियम जवळजवळ प्रत्येक जेवणावर अगदी पातळ भुरभुरावे, तर डी-३ असलेले कॅल्शियम आणि बहुजीवनसत्त्वाची भुकटी महिन्यातून प्रत्येकी दोनदाच द्यावी. ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडल्यास डोळे सुजतात, आणि तेही जास्त झाल्यास अपाय करते. तुमच्या नराचा एक्स-रे मात्र सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडून या आठवड्यातच काढून घ्या. वाकलेले हाड बहुधा पूर्ववत होत नाही, पुढची हानी थांबवता येते.

प्रश्न : किती कीटक द्यावेत? दुकानात बहुधा मीलवर्मच (एका भुंग्याच्या अळ्या) मिळतात. सोसायटीच्या बागेतले नाकतोडे चालतील का? (औंध)

वाढत्या पिल्लाला रोज पोटभर आणि प्रौढाला एक दिवसाआड चार-पाच कीटक पुरतात; कीटक शॅमेलिऑनच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा मोठा नसावा. मीलवर्म अधूनमधून ठीक आहेत, पण मुख्य आहार रातकिड्यांचा असावा आणि जोडीला रेशीमकिडे द्यावेत. रातकिड्यात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस कितीतरी पटींनी जास्त असतो, म्हणूनच भुकटी लागते. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे त्या कीटकाने आदल्या दिवशी काय खाल्ले होते. त्यांना चोवीस तास आधीपासून शेवग्याचा पाला, गाजर आणि लाल भोपळा घालावा. पालक टाळावा, कारण त्यातील ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. बागेतले नाकतोडे नकोत. तिथे फवारणी कधी झाली हे माळ्यालाही सांगता येईलच असे नाही. पावसाच्या तोंडावर मावळातून कोणी काजवे आणून दिले तर तेही देऊ नयेत. अमेरिकेतील काजव्यांच्या विषाने पाळीव सरडे मेल्याची उदाहरणे आहेत, आणि आपले काजवे निरुपद्रवी आहेत असे गृहीत धरून प्रयोग करण्याचे कारण नाही.

प्रश्न : एप्रिलमध्ये घर फार कोरडे पडते, म्हणून त्याला काचेच्या टाकीत ठेवावे का? वाटीतल्या पाण्याला तो तोंडही लावत नाही. (हडपसर)

वाटीत साचलेले पाणी शॅमेलिऑन सहसा ओळखतच नाही; पानावरून ओघळणारा थेंब तो चाटतो. त्यामुळे ठिबकणारे भांडे आणि फवारा हेच त्याचे पाणवठे. विष्ठेबरोबर येणारा युरेटचा, म्हणजे घट्ट स्वरूपातील मूत्राचा, भाग पांढरा असेल तर पाणी पुरते आहे, गडद नारिंगी असेल तर कमी पडते आहे.

बंद काचेची टाकी घेऊ नये. प्रौढासाठी साठ सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद आणि एकशेवीस सेंटिमीटर उंच जाळीचा पिंजरा असावा आणि त्यात जास्वंद किंवा छोट्या पानांचा फायकस यांसारखी जिवंत झाडे असावीत. दिवसा आर्द्रता चाळीस-पन्नास टक्के असली तरी चालते. ती रात्री वाढायला हवी, म्हणून मुख्य फवारणी दिवे मालवल्यावर आणि पहाटे करावी. उन्हाळ्यात पिंजऱ्याच्या दोन बाजूंना प्लास्टिक लावल्यास ओलावा टिकतो. जुलै-ऑगस्टमध्ये ते काढून टाकावे, कारण पुण्याच्या पावसाळी हवेत सतत ओला आणि कोंदट राहिलेला पिंजरा हे श्वसनमार्गाच्या संसर्गाला निमंत्रण असते. डिसेंबरच्या रात्री गॅलरीतला पिंजरा आत घ्यावा. बसायच्या फांदीवर तीस अंशांच्या आसपास तापमान पुरते आणि रात्री ते वीसच्या खाली गेलेले या प्राण्याला मानवते.

प्रश्न : एकट्या मादीला सोबत म्हणून नर आणावा का? (वारजे)

नाही. शॅमेलिऑन एकटा राहणारा प्राणी आहे. दुसरा नुसता दिसत राहिला तरी त्याला ताण येतो. मात्र व्हेल्ड मादी नराशिवायही अंडी घालते, हे ध्यानात ठेवावे. तिच्या पिंजऱ्यात किमान तीस सेंटिमीटर खोल, ओलसर वाळूची बादली कायम असावी. ती खणू लागली तर पिंजऱ्यावर पडदा टाकून तिला एकटी सोडावे. खणूनही अंडी न घालता ती सुस्त पडली आणि दिवसाही डोळे मिटून राहू लागली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावे.