रोज बंद होणारा, तरीही रीस्टार्ट मागणारा संगणक

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या पुस्तकांची व वर्गणीदारांची नोंद घरच्या डेस्कटॉपवर ठेवते. त्यावर विंडोज ११ आहे. गेले तीन आठवडे ‘अपडेट पूर्ण करण्यासाठी रीस्टार्ट करा’ अशा अर्थाची सूचना रोज येते. मी रात्री संगणक रीतसर शट डाउन करते आणि पडदा काळा झाला की भिंतीवरच्या बोर्डाचे बटणही बंद करते. तरी सकाळी सूचना हजरच. दुरुस्तीवाला म्हणतो की फॉरमॅट मारावा लागेल. नोंदी जातील या भीतीने मी थांबले आहे. काय करावे?
— एक वाचक, सिंधुदुर्ग जिल्हा

उत्तर : थांबलात हे उत्तम केलेत. आपल्या पत्रात दोन सवयींचा उल्लेख आहे : रोज रात्री शट डाउन करणे आणि पडदा काळा होताच बटण बंद करणे. दोन्ही सवयी शिस्तीच्याच आहेत, पण माझा संशय नेमका त्यांच्यावरच आहे.

आधी रीस्टार्ट कशासाठी लागतो ते पाहू. संगणक चालू असताना विंडोजच्या कित्येक फायली सतत वापरात असतात आणि वापरात असलेली फाइल बदलता येत नाही. म्हणून अपडेटच्या नव्या फायली उतरवून बाजूला ठेवल्या जातात, कोणती कुठे बसवायची याची यादी केली जाते, आणि विंडोज पुढच्या वेळी अगदी नव्याने सुरू होताना, इतर काहीही उघडण्याच्या आत, ही अदलाबदल उरकली जाते. यादीतले काम शिल्लक आहे तोवर सूचना येतच राहणार. तेव्हा खरा प्रश्न सूचनेचा नाही; ते काम रोज अर्धवट का राहते, हा आहे.

येथे पहिली सवय आड येते. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. ती चालू असेल तर शट डाउन केल्यावर आपण उघडलेले प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा खऱ्या अर्थाने बंद न होता त्याची त्या क्षणाची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तीच वाचून संगणक झटपट उभा राहतो. म्हणजे ज्या ‘नव्याने सुरू होण्या’ची अपडेट वाट पाहत असते, ते घडतच नाही. रीस्टार्ट निवडल्यावर मात्र गाभाही बंद होऊन पुन्हा सुरू होतो. शट डाउनपेक्षा रीस्टार्ट अधिक पुरा, हे कानाला विचित्र वाटते खरे, पण विंडोजमध्ये तसे आहे.

आपल्याकडे हेच घडते आहे का, हे दोन मिनिटांत कळेल. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा, ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘सीपीयू’वर क्लिक करावे आणि आलेखाखाली ‘अप टाइम’ हा आकडा पाहावा. त्यातला पहिला अंक दिवसांचा असतो. रोज रात्री बंद होणाऱ्या संगणकावर तेथे ० ऐवजी १५ किंवा २० दिसले, तर चोर सापडला. मग कंट्रोल पॅनेलमधील ‘पॉवर ऑप्शन्स’ उघडून पॉवरचे बटण दाबल्यावर काय व्हावे हे ठरवणाऱ्या दुव्यावर जावे, तेथे सध्या बदलता न येणाऱ्या सेटिंग्ज खुल्या करण्याच्या ओळीवर क्लिक करावे, ‘फास्ट स्टार्टअप’समोरची खूण काढावी आणि बदल सेव्ह करावा. सकाळी संगणक काही सेकंद उशिरा सुरू होईल, एवढीच त्याची किंमत.

दुसरी सवय अधिक धोक्याची आहे. अपडेट बसत असताना पडदा मध्येच काळा होतो, संगणक स्वतःहून पुन्हा सुरू होतो आणि टक्केवारी पुढे सरकू लागते. मोठ्या अपडेटमध्ये असे दोन-तीनदाही होते. पडदा काळा झाला म्हणजे संगणक बंद झाला, असे नाही. कॅबिनेटवरचा छोटा दिवा विझला आणि आतल्या पंख्याचा आवाज थांबला, की मगच बोर्डाच्या बटणाला हात लावावा. मध्येच वीज तुटली तर विंडोज बहुधा केलेले बदल मागे घेते, पहिल्या जागी परतते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच काम मागते. (माझ्या घरीही केर काढताना बटण बंद करण्याची प्रथा होती. ती मोडायला दोन रद्द झालेली अपडेट्स लागली.) साधा घरगुती यूपीएस दहा-पंधरा मिनिटे तग धरतो, अपडेटला कधी तासही लागतो, म्हणून आपल्या भागात वीज जाण्याचा ठरलेला वार असेल तर तो टाळावा.

आता प्रत्यक्ष कृती. नोंदींची एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी आणि पेन ड्राइव्ह काढून ठेवावा. सेटिंग्जमधील ‘स्टोरेज’मध्ये सी ड्राइव्हवर किती जागा मोकळी आहे ते पाहावे, १५ ते २० जीबी असावी, कारण जागा अपुरी पडली तरी अपडेट अर्ध्यावरूनच परतते. मग स्टार्ट मेनूतून ‘अपडेट अँड रीस्टार्ट’ निवडावे आणि पुन्हा आपला नेहमीचा पडदा दिसेपर्यंत संगणकाला हात लावू नये. बहुतेक तक्रारी येथेच मिटतात.

मिटली नाही, तर ‘विंडोज अपडेट’मधील ‘अपडेट हिस्टरी’ उघडावी. केबी या अक्षरांनी सुरू होणारा एकच क्रमांक पुन्हा पुन्हा ‘फेल्ड’ दिसत असेल, तर तो आणि त्यासोबतचा त्रुटी-क्रमांक वहीत उतरवून घ्यावा. क्रमांक दर वेळी निराळे असतील, तर संगणक आजारी नाही. निरनिराळी अपडेट्स एकामागून एक येत आहेत, इतकेच. एकच अपडेट अडत असल्यास सेटिंग्जमधील ‘सिस्टिम’ आणि त्यातील ‘रिकव्हरी’ येथे जावे. विंडोज अपडेटच्या साहाय्याने दोष दुरुस्त करण्याचा पर्याय आता तेथे दिलेला असतो. त्याने विंडोजची तीच आवृत्ती पुन्हा बसते आणि आपले प्रोग्रॅम, फायली व सेटिंग्ज जागच्या जागी राहतात. दुरुस्तीवाल्याला फॉरमॅटऐवजी हे करून पाहायला सांगावे. रजिस्ट्रीतली ‘रीस्टार्ट आवश्यक’ ही नोंद पुसण्याचा उपाय काही व्हिडिओंत दाखवतात, तो मात्र करू नये. त्याने सूचना गप्प होईल, काम शिल्लकच राहील.

प्रश्न : माझ्या कर सल्लागार कार्यालयात चार संगणक आहेत. ऐन कामात रीस्टार्टची सूचना येते म्हणून मुलगा म्हणतो की अपडेटची सर्व्हिसच बंद करून टाकू. तसे करावे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : करू नये, आणि आपल्या कार्यालयात तर मुळीच नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रॅमने जगभरातील संगणकांवरच्या फायली कुलूपबंद केल्या. ज्या त्रुटीतून तो पसरला, ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये, म्हणजे दोन महिने आधीच दिले होते. ज्यांनी ते बसवलेच नव्हते, त्यांच्या संगणकांत त्याला वाट मिळाली. आपल्याकडे तर लोकांची पॅन आणि बँकेची कागदपत्रे असणार.

त्रास अपडेटचा नाही, त्याच्या वेळेचा आहे, आणि वेळ ठरवता येते. ‘ॲक्टिव्ह अवर्स’मध्ये सलग १८ तासांपर्यंतचा कामाचा काळ नोंदवता येतो; त्या वेळात विंडोज आपणहून रीस्टार्ट करत नाही. विवरणपत्रांच्या मुदतीचे दिवस आले की ‘पॉज अपडेट्स’ने पाच आठवड्यांपर्यंत अपडेट लांबणीवर टाकता येते. मायक्रोसॉफ्टची सुरक्षा-अपडेट्स दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात, तेव्हा आपल्याकडे रात्र झालेली असते. त्यामुळे सूचना बुधवारपासून दिसू लागते. त्या आठवड्यातल्या शनिवारी कार्यालय बंद करताना चारही संगणकांवर ‘अपडेट अँड रीस्टार्ट’ निवडावे, आणि शेवटी निघणाऱ्याने मेन स्विच बंद करू नये.