गाडी खाली घेतली, म्हणजे तिची जमिनीपासूनची उंची कमी केली, तर मायलेज वाढेल का?

वाढेल, पण फार थोडं. आणि तेही हायवेवर. गाडी खाली आली की पोटाखालून कमी हवा घुसते. तिथे सायलेन्सरचा पाइप, सस्पेन्शनचे आर्म असं सगळं उघडं असतं, हवा त्यावर आपटत जाते. शिवाय चाकांचा उघडा भागही थोडा झाकला जातो. म्हणूनच टेस्लाच्या मॉडेल एससारख्या एअर सस्पेन्शनच्या (हवेच्या दाबाने उंची कमी-जास्त करणाऱ्या) गाड्या वेग वाढला की आपोआप खाली बसतात. शहरातल्या वेगाला मात्र काहीच फरक जाणवणार नाही.

कृपा करून स्प्रिंग कापून गाडी खाली घेऊ नका. कापलेली स्प्रिंग तिच्या सीटमध्ये, म्हणजे सस्पेन्शनमधल्या तिच्या खाचेत, नीट बसत नाही, चाक लोंबकळलं की जागेवरून सुटू शकते. कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, तोही बदलतो. मी असा एक टायर हाताने चाचपला होता: बाहेरून नवाकोरा, आतल्या कडेला तारा दिसत होत्या. वाचलेलं पेट्रोल त्या एका टायरात गेलं! करायचंच असेल तर त्या मॉडेलसाठी बनवलेल्या स्प्रिंग घ्या, जुळणारे शॉकअब्सॉर्बर घ्या आणि लगेच अलाइनमेंट करा. हेडलाइटचा कोनही तपासा.

मायलेजच हवं असेल तर आधी वेग बघा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे १००ऐवजी ८०ने चालवलं तर तो ३६ टक्क्यांनी घटतो. एवढं कुठलीच स्प्रिंग देणार नाही. रिकामं रूफ कॅरिअर काढून ठेवा आणि टायरमधली हवा कंपनीने सांगितल्याइतकी ठेवा.