110 मिनिटांच्या ओव्या एका सीडीत

प्रश्न : आजीच्या जात्यावरच्या ओव्यांचा मी मोबाईलवर व्हिडिओ घेतला आहे, एकूण 110 मिनिटं. गावी आत्याकडे फक्त जुना व्हीसीडी प्लेअर आहे, त्याला पेनड्राइव्ह लागत नाही. आत्याचे गुडघे धरतात, सीडी बदलायला उठणं तिला अवघड जातं. दुकानदार म्हणतो, दोन सीडी होतील. एकीत बसवता येईल का?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : बसवता येईल. पण दुकानदाराचंही चूक नाही. व्हीसीडीचे, म्हणजे व्हिडिओ सीडीचे, नियम 1993 साली ठरले. त्यात सेकंदाला किती माहिती भरायची याचा दर बांधलेला आहे : चित्रासाठी 1150 किलोबिट आणि आवाजासाठी 224. त्या दराने 700 एमबीच्या सीडीवर 80 मिनिटंच मावतात. 110 बसवायची तर दर उतरवावा लागतो. अशा नियमाबाहेरच्या सीडीला आम्ही एक्सव्हीसीडी म्हणायचो.

मी मिरजेत दहा वर्षं लग्नाच्या कॅसेटी सीडीवर उतरवून दिल्या. एकदा 95 मिनिटं एका सीडीत दाबून बसवली. माझ्या प्लेअरवर छान चालली. मुलीच्या घरी ऐन मंगलाष्टकांत चित्र गोठलं. मुलीची आई सीडी पदरात गुंडाळून परत घेऊन आली होती. तिचा चेहरा अजून आठवतो. साधा व्हीसीडी प्लेअर सेकंदाला ठरलेले 75 सेक्टर, म्हणजे सीडीवरचे माहितीचे ठरावीक तुकडे, वाचत जातो; त्यातून अपेक्षेपेक्षा वेगळा माल आला की काही मशीन अडखळतात. डीव्हीडी प्लेअर बहुतेक वेळा सांभाळून घेतात. म्हणून त्या दिवसापासून, ज्या मशीनवर लावायची त्याच मशीनवर चाचणी झाल्याशिवाय मी सीडी हातात दिली नाही.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट चांगली आहे. जात्यापाशी बसलेली आजी फारशी हलत नाही, मागची भिंतही तीच, त्यामुळे चित्राचा दर कमी केला तरी डोळ्यांना फार खुपणार नाही. आवाजाला मात्र हात लावू नका. ओवीतला श्वास आणि जात्याची घरघर यांसाठीच तर आत्या ऐकणार! आवाज 224 किलोबिट, 44.1 किलोहर्ट्झ असाच ठेवा, चित्र 730 वर आणा. आकार 352 बाय 288, सेकंदाला 25 फ्रेम, फाईलचा प्रकार एमपेग-1. मोबाईल आडवा धरून घेतलं असेल तर वर-खाली 36-36 ओळींच्या काळ्या पट्ट्या सोडा, नाहीतर आजी उभी ताणलेली दिसेल.

व्हिडिओ या प्रकारात बदलायला टीएमपीजीइंक हा प्रोग्रॅम वापरत असाल तर चित्र-आवाज जोडताना 'व्हिडिओ-सीडी (नॉन-स्टँडर्ड)' हाच पर्याय घ्या. फाईल पावणेआठशे एमबीच्या आसपास होईल, ती पाहून घाबरू नका. साध्या डेटा सीडीत प्रत्येक सेक्टरमध्ये 2048 बाइट मावतात आणि उरलेली जागा चुका दुरुस्त करायला राखलेली असते. व्हीसीडीत ती राखीव जागा सोडून देऊन 2324 बाइट भरतात, म्हणून मोठी फाईल बसते. त्याची किंमत अशी, की ओरखडा पडला तर लगेच चित्रात चौकोन दिसतात. बर्न करताना, म्हणजे सीडीवर लिहिताना, 'डेटा' नव्हे, 'व्हिडिओ सीडी' निवडा आणि वेग कमी ठेवा. प्रोग्रॅम 'नियमात बसत नाही' अशी सूचना देईल. ती मान्य करून पुढे जा.

सीडी आतून बाहेर लिहिली जाते. बर्न झाल्यावर खालची बाजू उजेडात तिरपी धरा. लिहिलेला भाग वेगळ्या छटेचा दिसतो आणि तुमच्या सीडीत तो जवळजवळ कडेपर्यंत गेलेला असेल. बोटांचे ठसे पडतात ते नेमके त्याच कडेला. म्हणून आत्याला सगळ्यात आवडती ओवी सुरुवातीला घ्या, शेवटी नको. वर कागदी लेबल चिकटवू नका, मार्करने लिहा.

आधी पाच मिनिटांची एक सीडी करून गावी पाठवा. पुसून पुन्हा लिहिता येणारी रीरायटेबल सीडी नको, जुने प्लेअर बऱ्याचदा ती वाचत नाहीत. चाचणीची सीडी चालली की पूर्ण सीडी करा आणि शेवटची दहा मिनिटं आत्याच्याच मशीनवर स्वतः बसून बघा. तिथे अडकली तर हट्ट न करता नियमातल्या दोन सीडी करा, 55-55 मिनिटांच्या. फक्त पहिली सीडी ओवी पुरी झाल्यावर संपवा, मध्येच तोडू नका.