डबल मार्कर 'हाय रिस्क' आला, आता काय?

डबल मार्कर म्हणजे तिसऱ्या महिन्याच्या आसपास आईच्या रक्तावरून बाळाला डाऊन सिंड्रोमसारख्या दोषाचा धोका किती, याचा अंदाज देणारी तपासणी. हा प्रश्न मला सारखाच येतो म्हणून एक केस सांगते, ओळख कळू नये एवढे तपशील बदललेत. कागलकडची मुलगी, वय २९, पहिलीच खेप, तेरावा आठवडा. कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझ्यासमोर बसली तर हातात रिपोर्ट, त्यावर डाऊन सिंड्रोम १:१८० आणि बाजूला लाल अक्षरात हाय रिस्क, घडी घालून घालून कागद पार मऊ झालेला. सासूबाई बसायच्या आधीच म्हणाल्या, "ग्रहणात भाजी चिरली ओ हिनं, ऐकतंय कोण!"

आधी तेच निस्तरलं. डाऊन म्हणजे बाळात २१ नंबरचं क्रोमोझोम एक जास्त असतं, आणि ते जास्तीचं येतं ते बहुतेक वेळा स्त्रीबीज तयार होतानाच, ग्रहण भाजी पपई कशाचा काय संबंध नाही. मग आकडा. असा रिपोर्ट आलेल्या १८० बायका एका हॉलात बसवल्या तर एकीच्या बाळाला डाऊन असेल, १७९ जणींच्या नाही. बऱ्याच लॅब १:२५० च्या आत आलं की हाय रिस्क छापतात, बस्स एवढंच. मी फॉर्मवरचं वय, वजन, सोनोग्राफीतली बाळाची लांबी पण बघते, कारण त्यात चूक असली की आकडाच बदलतो. हिचं सगळं बरोबर होतं, एनटी, म्हणजे सोनोग्राफीत मोजतात ती बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी, ती पण नॉर्मल.

नवरा हळूच म्हणाला, "मग खाली करायचं का?" नाही ओ दादा, स्क्रीनिंगवर, म्हणजे नुसता धोक्याचा अंदाज देणाऱ्या तपासणीवर, असला निर्णय कुणीच घेत नाही! पुढं दोन वाटा. एनआयपीटी, म्हणजे आईच्या रक्तातला वारेचा डीएनए बघतात, डाऊनसाठी ९९ टक्क्यांच्या आसपास पकडतं पण महाग, आणि तेही स्क्रीनिंगच. किंवा १६ आठवड्यांनंतर अम्नियो, पोटातून सुईनं पाणी काढतात, पक्कं उत्तर तिथंच मिळतं पण गर्भपाताचा थोडा धोका, एक टक्क्याहून कमी. एनटी वाढलेली असती तर मी थेट पक्क्या तपासणीबद्दलच बोलले असते.

सासूबाईंनी जाता जाता विचारलंच, त्यात मुलगा मुलगी कळतंय का. कळलं तरी सांगत नाहीत आजी, १९९४ चा कायदा आहे.

तिनं एनआयपीटी केली, लो रिस्क आला. तरी १८ ते २० आठवड्यांची अनॉमली सोनोग्राफी चुकवू नकोस म्हणून दोनदा बजावलं, हृदयाची, मणक्याची रचना रक्तात दिसत नाही.